शेरा

वीस गुणांचा तक्ता मीच आखला, ऑगस्टमध्ये,
प्राचार्यांच्या टेबलावरच्या तुटक्या पट्टीने.
चौकट पाच, फोकस पाच, उजेड पाच,
क्षितिज सरळ असेल तर दोन,
उरलेले तीन जर्नलच्या कव्हरला:
खाकी कागद, नाव सुवाच्य.

अकरावीची एकतीस मुलं, कॅमेरे सात.
पाच नंबरच्या कॅमेऱ्याची डायल
हर्णैच्या खाऱ्या वाऱ्याने धरलेली,
तीसच्या पुढे सरकतच नाही.
तो कुणाच्या वाट्याला जातो
हे मी हजेरीच्या क्रमावर सोडलंय.

विषय दिला होता 'माझं गाव'.
चोवीस जणांनी सुवर्णदुर्ग आणला,
मागे बुडता सूर्य, पुढे एक होडी,
क्षितिज पट्टीने मारल्यासारखं.
दिले. सोळा, सतरा, सोळा, सोळा.
चोवीस वेळा सूर्य बुडवून
चहा करायला उठलो.

मृण्मयी खांबेटेला साडेअठरा.
दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात:
"सर, दीड गुण कशाचा गेला?"
खरं सांगायचं तर कशाचाच नाही.
पैकीच्या पैकी द्यायचे नसतात
एवढंच मला ठाऊक. मी लग्नं काढणारा माणूस,
इथं तासिका तत्त्वावर.
म्हणालो, "आकाश जरा जास्त झालंय."
तिनं लगेच वहीत लिहून घेतलं,
आकाश कमी.
खाली दोन रेघा मारल्या.

आणि यज्ञेश पावसे, पाजपंढरीचा.
एकच फोटो. संध्याकाळचा लिलाव,
ओल्या वाळूवर कोळंबीचे ढीग,
मध्ये आई, वाकलेली,
आणि तिच्या कोपराच्या पुढे हात नाहीच,
नुसता धूर.
लाल पेनाने शेरा मारला: हात हलला.
फोकस पाचपैकी एक. एकूण नऊ.
नापास नाही. पण नऊ.

तो काही विचारायला आला नाही.

शनिवारी बंदरावर बांगडा घ्यायला गेलो
तेव्हा तिनंच ओळखलं.
"तुमीच ना वो नऊ देणारे?"
मी तक्त्याबद्दल बोलू लागलो. चौकट, उजेड वगैरे.
ती ऐकत होती, निवडत होती:
मोठी इकडे, मधली तिकडे, चुरा टोपलीत.
बोटं दिसत नव्हती.
मधल्या ढिगात गेलेली एक कोळंबी उचलून
तिनं मोठ्या ढिगात टाकली, न बघता,
कुणाला न विचारता.
मग म्हणाली,
"तुमी लिवलंत हात हलला.
हलला तो माजा.
पोराचा नाय हलला."

बांगडा तसाच ओट्यावर ठेवून
फोटो दिव्याखाली धरला.
मागच्या बोटीचा नंबर वाचता येत होता,
शेवटच्या आकड्यासकट.
बर्फाच्या तुकड्याची धार,
गाडीच्या बैलाच्या शिंगावरचा रंग,
सगळं जागच्या जागी.
मग जर्नल उघडलं. तोवर मी कव्हरच तपासलं होतं.
आत, बारीक अक्षरात:
'कॅमेरा नं. ५. डायल अडकलेली आहे.
म्हणून आईला सांगितलं, थांबू नको.'

एवढ्यात मांजराने बांगडा नेला.

गुण कॉम्प्युटरवर चढून गेले होते.
नवाचे सोळा करायचे तर अर्ज,
प्राचार्यांची सही,
आणि 'बदलाचे कारण' असा एक चौकोन,
दोन बोटांएवढा.
त्यात लिहिलं, हात माझा हलला.
वाचलं. खोडलं.
लिहिलं, बेरजेत चूक.
सही मिळाली.

मृण्मयी आता खाली बघून फोटो काढते.
परवा तिनं आणलेल्या समुद्रात
वाळू होती, लाटेचा फेस होता, खेकड्याची भोकं होती.
वर एवढीशी पट्टी.
विचारलं तर म्हणाली,
"तुम्हीच म्हणाला होतात ना, सर."