एका लेकराला एक दात

आई म्हणायची, एका लेकराला एक दात.
हिशोब चोख होता तिचा:
आम्ही चार भावंडं,
तिच्या तोंडात चार खिंडारं.
माझं कोणतं, विचारलं लहानपणी,
तर पदर बाजूला करून दाखवलं तिनं,
खाली डावीकडे, दाढेच्या अलीकडे:
ही तू.
मी बोट घातलं त्या जागेत.
मऊ होतं. जरा गरम.

मला पाचवा लागला तेव्हा
सकाळच्या चुळीत रक्त आलं,
मोरीत गुलाबी ओघळ.
तांब्याभर पाणी ओतलं त्यावर, कुणाला बोलले नाही.
वाटलं, सुरू झाली वसुली.

शेडमध्ये मात्र काही लपत नाही.
आठ तास समोरासमोर, मधे द्राक्षांचे क्रेट,
हातात बारीक टोकाची कात्री.
हिराबाई गांगुर्डे म्हणाली,
काय गं, सारखी थुंकायला का जातेस?
म्हटलं, हिरड्या.
तिनं घड उजेडाकडे धरला,
आतला एकच फुटका मणी देठातून उडवला,
म्हणाली, हा राहिला असता
तर बोटीतून उतरेपर्यंत अख्खी पेटी गेली असती.
तुझं तोंड काय पेटीच्या बाहेरचं आहे?

घरी सासूबाई: पोटुशी बाई आणि दातांचा डॉक्टर?
सुया, गोळ्या, ते फोटो काढायचं यंत्र!
आधी मोकळी हो, मग बघू.
जाऊबाई हसल्या.
हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणतात.
दिसले.
मी मोजले.
दोन लेकरं, दोन कमी.

बुधवारी ओझरहून बस धरली, सिव्हिलला गेले.
सोबत आई, तोंडावर पदर.
डॉक्टर धात्रक माझ्याहून लहान दिसत होत्या,
केसांना रबर, पायात स्लिपर.
कितवा?
पाचवा संपतोय.
बरं झालं आलीस. हेच दिवस चांगले,
पुढे उताणं पडवणार नाही तुला.
माझ्या उजव्या कमरेखाली त्यांनी उशी सरकवली
आणि सुरू झाल्या:
चिंच खातेस? खाते.
कच्ची द्राक्षं?
(मी गप्प. शेडातली ती चोरी.)
उलटी झाली की लगेच ब्रश घासतेस?
घासते.
नको. तेव्हा दात हळवे असतात आंबटानं.
नुसती चूळ भर, अर्धा तास थांब, मग घास.
रक्त येतं म्हणून घासणं सोडू मात्र नकोस.

मी विचारलंच, एका लेकराला एक दात, खरं का?
त्या मास्कच्या आत हसल्या असाव्यात,
डोळे बारीक झाले.
लेकरू नाही गं नेत. कीड नेते.
आपण तिला नऊ महिने मोकळं रान देतो
आणि नाव लेकराचं.

मग आ वासला.
पाण्याची बारीक धार, यंत्राची कुरकुर,
वर छताला एक पाल,
आणि पोटात, पहिल्यांदाच,
काहीतरी टुचकन हललं.
माझा हात वर गेला.
त्या थांबल्या: दुखलं?
तोंडात नळी. सांगू कशी?
मी पोटावर बोट ठेवलं,
आणि दुसऱ्या हातानं खुणावलं, चालू द्या, चालू द्या.

परतीच्या बसमध्ये
निमाणीपर्यंत आई काहीच बोलली नाही.
आडगाव नाक्याला विचारलं, दुखलं?
नाही.
सुई टोचली?
लागलीच नाही. नुसतं खरवडलं.
पुन्हा गप्प. बाहेर बागा, बागा,
उन्हात तारांवर टेकलेले वेल.
दहाव्या मैलावर, खिडकीकडे तोंड करून:
म्हणजे माझा तो तू नव्हता नेलास.
नाही गं आई.
तिचा चेहरा मला दिसत नव्हता.
तीस वर्षांची देणगी कुणी परत केली
तर माणूस कसा बसेल, तशी बसली होती,
मांडीवर पिशवी घट्ट धरून.

ओझरला उतरताना पायरीवर थांबली,
मागचे लोक खोळंबले.
पदर तोंडावरच,
पण आवाज स्पष्ट:
ती पोरगी
बुधवारीच असते का?