थंड इंजिन

"गाडी रातभर हितंच ऱ्हाऊ दे," दस्तगीर म्हणाला,
"तापलेलं इंजिन खोटं बोलतं."

सकाळी सहा. उद्यमनगर.
फौंड्रीच्या भट्ट्या निजलेल्या,
बॉनेटवर दव.
चावी फिरवली. धरलं, थरथरलं,
बसलं.

प्लग बघून झालेले, कार्बोरेटर दोनदा धुतलेला,
बॅटरी तर नवीच,
मीच घेतलेली, उगाच.

हातभर नळी कानाला लावून तो वाकला.
"मारा परत.
...ऐकू आलं न्हवं? फुस्स."

व्हॅक्यूमच्या पाइपला केसाएवढी चीर.
थंडीनं रबर आकसतं, चीर आ वासते,
वारं पिते.
ऊन चढलं की तोंड मिटून गप्प.

"तुम्ही आणतासा दुपारी.
दुपारी काय घावणार?"

पाइप वीस रुपयांचा.
मग इंजिन चालूच ठेवलं आम्ही,
बॉनेटवर चार हात
शेकत.