पासंग

माझा बाप, हार्म, ग्रोनिंगेनच्या पूर्वेला
कालव्याकाठच्या स्टार्चच्या कारखान्यात काट्यावर असायचा.
ऑक्टोबरात बटाट्याच्या नावा लागत,
नमुन्याचं पोतं धुतलं की वजन घटे
आणि भांडण ठरलेलं.
कारखाना म्हणे, माती होती.
वुब्बे म्हणे, काट्यात खोट आहे.
बाप वीस किलोचा बिडाचा धडा उचलायचा
आणि आधी काटा तपासायचा.

मी दीर्घिका तोलते.
कडेचा वायू ज्या वेगानं फिरतो
त्या वेगानं केव्हाच सुटून जायला हवा होता.
दिसणारे सगळे तारे
त्या ओढीच्या पासंगालाही पुरत नाहीत.
तेव्हा लोक म्हणतात, न दिसणारं काही आहे तिथं,
पाचपट, मुकं, कुणाला न शिवणारं.
असेलही. नेपच्यून असाच
आधी हिशेबात सापडला, मग दुर्बिणीत.
पण बुधाची चाल चुकली तेव्हाही
एक ग्रह मानला, बारसंसुद्धा केलं,
पाळणा रिकामाच राहिला.
नियम बदलावा लागला.

बाप सांगायचा, काटा जडाला खरा निघतो,
हलक्याला फसवतो.
आतल्या सुरीची धार झिजली
तर पोत्यांच्या थप्पीला कळत नाही,
मूठभर बटाट्यांना कळतं.
मी एवढंच म्हणते.
सूर्याजवळ न्यूटन खराच.
पण जिथं ओढ इतकी क्षीण
की उभ्या माणसाला चालता करायला
साडेतीनशे वर्षं लागावीत,
तिथंही तोच काटा, तीच धार,
हे कुणी तपासलं?

सिब्रन पडद्यावर
आदळलेल्या समूहांचा नकाशा लावतो:
वायू इथं अडकलेला, ओढ पलीकडे निघून गेलेली.
माझ्याकडे बघत नाही. सभ्य माणूस आहे.
माझा नियम लावूनही समूहांत निम्मी तूट उरते
हे मीच छापलंय, तक्ता तीन.
धडा माझ्या खोलीत दाराला लावलाय.
वाऱ्यानं दार तरी सरकतंच, बोटभर.

त्या साली बापानं काटा उघडला.
सुरी झिजलेली.
वुब्बे मोठ्यानं हसला, टोपी मांडीवर आपटली.
मग बापानं पोतं उपडं केलं.
माती होतीच. फार नाही,
पण होती.
दोघं तिच्याकडे बघत राहिले,
आणि मागच्या नावेनं भोंगा वाजवला.