जुन्या पंचांगाचं बेट

वॉट्सनेसच्या टोकावर वारा माणसाला आधी हलवून बघतो,
मग ओळख देतो.
तिपाईच्या पोटाला मी दगडांची पिशवी टांगली आहे,
तरी पाय थरथरतात, तिचेही.
काच पुसायची, मीठ. पुन्हा पुसायची, पुन्हा मीठ.
एक मेंढी येऊन बॅगेचा पट्टा चाटते,
खारट लागला म्हणून तिथेच मुक्काम ठोकते.

समोर फाउला असायला हवं.
पंधराएक मैलांवर, पाच शिखरांचं,
सगळे मोजले तर तीसेक माणसांचं.
समोर आहे ती राख कालवलेल्या दुधासारखी हवा.
जानेवारीतला उजेड नवानंतर कामावर येतो,
तीनला दप्तर आवरतो,
आणि मधे जेवायलाही जातो.

गिबी कुंपणाची तार ताणत विचारतो,
"मिळालं का?"
जणू माझं काही पडलंय इथे गवतात.
"नाही."
"आज नकोच मिळू दे," तो म्हणतो,
"दुपारी बोट आहे. भाच्याच्या ट्रॅक्टरचे टायर जायचेत."
मी हसते. टायरचा आणि फोटोचा संबंध मला लागत नाही.

बोट जाते, टायर जातात. धुकं राहतं.

पाचव्या दिवशी बेट दाराशी येऊन उभं असतं.
कड्यांच्या घड्या मोजाव्यात इतकं,
पायथ्याच्या हिरव्या पट्टीवर घरांचे खडे,
एका खड्यातून धूर, सरळ,
ओळंबा धरल्यासारखा.
मी एकशे बारा वेळा बटण दाबते.
हात सोलतात, कळत नाही.

गिबी माझ्याकडे बघत नाही, आभाळाकडे बघतो.
"एवढं जवळ आलं की वाईट," म्हणतो.
"रात्री वादळ. आता आठवडाभर बोट विसरा."
दुरून डोंगर साजरे म्हणत असतील कुठे कुठे,
इथे डोंगर साजरा दिसला
की लोक दोर तपासायला धावतात.

वॉल्स गावात नाताळची झाडं कधीच कुंपणाबाहेर पडली.
तिकडे नाताळ उद्या आहे.
त्या बेटानं जुनं पंचांग सोडलेलं नाही,
बारा दिवस मागे चालतं ते,
किंवा आम्ही बारा दिवस घाईत आहोत.

ओस्ला तिथली. एकोणीस हिवाळे तिथे, बासष्ट इथे.
ती दोन्ही नाताळ करते.
पहिला शेजाऱ्यांसाठी,
दुसरा दार लावून.

त्या दुसऱ्या नाताळाला मी फोटो घेऊन जाते.
ती सुपाची वाटी सरकवते, हात पुसते.
पाच शिखरं, कडे, धूर, सगळं तिच्यासमोर मांडते.
"छान," ती म्हणते. "कॅलेंडरवर शोभेल."
लग्नाळू मुलीचा फोटो परत करावा
तसा परत करते, कडेला धरून.

गठ्ठ्याच्या तळाशी एक वाया गेलेला होता,
दुमडू नये म्हणून खाली आधाराला घातलेला.
पहिल्या दिवसाचा. नुसतं पांढरं.
तिनं तोच ओढला.
चष्मा कपाळावर चढवला, जवळ नेला.

"हा धक्का," ती म्हणाली.
"इथून बोट वर ओढायचो, सगळे मिळून,
धाकटी जेमायमा आकडे म्हणायची.
ही चूल. चुलीमागची भिंत गळायची."
अंगठा पांढऱ्यावरून फिरत होता,
पायवाटेवरून फिरावा तसा,
कुठेच अडखळत नव्हता.
मग एका जागी थांबला.
"इथे उभं राहून हाक मारली की आई ओ द्यायची.
दिसायची नाही."

मी वाकून बघितलं.
कागदावर पांढरंच होतं.
खिडकीवर पाऊस आडवा आपटत होता.

"किती द्यायचे?"
"काही नको."
ती तोवर उठून अंडी मोजायला लागली होती.
सहा.
मग जरा थांबून, आणखी एक.