रकाना क्रमांक सात

थिंपूहून निघताना साहेबांनी यादी दिली:
एवढी चॅनल चालतील, एवढी नाहीत.
खाली शिक्का, शिक्क्याखाली सही,
सहीखाली कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल.
दोन दिवस बस.
माझ्या मांडीवर यादी, शेजारणीच्या मांडीवर कोंबडी,
वळणावळणाला दोघी आपापलं धरून बसलो.

वामरोंगमध्ये केबल म्हणजे केझांगचं घर.
खाली दुकान, वर पत्र्यावर छत्री,
छत्रीच्या सावलीपुरत्या मिरच्या वाळायच्या राहिलेल्या,
आणि नूडल्सच्या खोक्यात कोंबलेली
अख्ख्या गावाची संध्याकाळ.
त्रेचाळीस जोडण्या.
वायर मक्याच्या शेतातून जाते, माकडं कुरतडतात.
'माकडांसाठी तुमच्या कायद्यात कलम नाही का?'
मी हसले नाही. हसायला रकाना नव्हता.

परवाना: आहे.
फी: भरली, उशिरा, दंडासकट.
कुस्तीचं चॅनल: बंद.
'पत्र आलं त्याच दिवशी काढलं,' ती म्हणाली,
'पण मेमे लेकींना तुम्हीच जाऊन सांगा.
म्हातारा मला चोर म्हणतो. चारचौघांत.'

खरं सांगायचं तर
ते नाव यादीत घालताना मीही मान डोलावली होती.
बहिणीच्या पोराला शाळेत मित्रानं उचलून आपटलं,
खांदा निखळला, सहा आठवडे झोळीत हात.
पडद्यावरचे ते तेल लावलेले डोंगर
मला अजूनही आवडत नाहीत.

मेमे लेकी चुलीपाशी.
टीव्ही चालू, आवाज बंद, वर स्वच्छ फडकं.
त्यांनी मला लोणी घातलेला चहा दिला, मग रिमोट दिला.
'लाव काहीही.'
मी बातम्या लावल्या. 'झोंगखा,' ते म्हणाले, 'अर्धी कळते.'
पुढे एक सासू रडत होती. 'हिंदी.'
पुढे सूट घातलेला गोरा बोटं मोजत होता. 'ती तर तुझीच भाषा.'
पुढे स्वयंपाक, पुढे क्रिकेट,
पुढे कुणीतरी कुणालातरी अंगठी देत होतं.
'आयुष्यभर रस्त्याला खडी फोडली.
शाळा रस्त्याच्या पलीकडे होती.
कान गेले, ते सुरुंगाच्या दारूनं.
तिथं मात्र,' त्यांनी बंद खोलीच्या दाराकडे दाखवावं
तसं त्या टीव्हीकडे बोट केलं,
'एक माणूस पडायचा. एक उभा राहायचा.
ते मला कळायचं.'

मी कायदा सांगितला. मुलं, हाडं, संस्कार.
मोठ्यानं सांगितला, मग आणखी मोठ्यानं.
ते ओठांकडे बघत राहिले
आणि उठले. कोपऱ्यातलं तांदळाचं अर्धं पोतं
मानेला धरून ओढत आणलं,
गुडघा टेकला, दोन्ही हातांनी दाबलं,
जमिनीवर पंजा आपटला:
थुर. निक्त्सिंग.
साम म्हणायला दम पुरला नाही.
मीच म्हणाले. माझ्या आजोळची भाषा,
किती वर्षांनी तोंडात आली.

मग त्यांनी पोत्याला उभं केलं,
सांडलेले दाणे एकेक करून वेचले,
पोत्याच्या पाठीवरची राख झटकली,
जसं हरलेल्याचं करावं.

रकाना क्रमांक सात: ग्राहकांच्या तक्रारी.
केझांगच्या दुकानात उभ्याउभ्या लिहिलं:
एक. ग्राहक वयस्क, कानांनी अधू.
उरलेल्या एकाही चॅनलची भाषा त्याला येत नाही.
भाषा लागणार नाही असं काही देता येईल का?

महिन्याभरानं फाईल परत आली.
माझ्या ओळीसमोर लाल शाईत एकच शब्द:
अप्रस्तुत.
खाली नवी यादी, नवा शिक्का.
त्या संध्याकाळी बहिणीचा पोरगा आला,
खांदा आता बरा आहे, हात वर जातो.
मी त्याला विचारलं,
पडलेल्याला शेवटी कोण उठवायचं रे?
त्याला आठवेना.
म्हणाला, तेवढ्यात जाहिरात लागायची.