सरस

फरशीवर चार पट्ट्या जोडून बसले आहे.
गुण्या एक सांगतो, सुतळी वेगळंच.
मी सुतळीचं ऐकते:
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उलट,
दोन्ही कर्ण सारखे भरले तर चौकट खरी.
आज अर्ध्या बोटाचा फरक.
गुडघ्याखाली दाबते. कुरकुरते, येते.

मांजरपाट मांडवीतला, नऊ मीटर.
दुकानदार विचारतो, गाद्यांना का?
पूर्वी सांगायचे, चित्रांना.
मग, कसली चित्रं, देवांची का,
आमच्या गल्ल्यामागे लावायला एक द्याल का.
आता म्हणते, हो, गाद्यांना.

खळ जाईपर्यंत कापड बादलीत,
मग दांडीवर, मग इस्त्री,
मग ताणणं.
आधी मधोमध एक चूक.
समोरच्या बाजूला, ओढून, दुसरी.
डावीकडे. उजवीकडे.
कोपऱ्यांची घाई करायची नाही.
कोपरे शेवटी,
पाहुण्यांच्या गादीला चादर खोचावी तसे.

नव्या चुका मी आणत नाही.
जुन्या चौकटींतून उपसलेल्या
श्रीखंडाच्या डब्यात आहेत, वाकलेल्या,
एकेक पाट्यावर ठोकून सरळ करते.
अंगठा अजूनही मधे येतो.
दिघेवहिनी म्हणतात, दहा रुपयांत मूठभर मिळतात की.
मिळतात.

सरस रात्रीच भिजत घातला होता.
पातेल्यात पातेलं, मंद आच,
उकळला की गेला.
खुरांचा, कातड्याचा वास जिन्यात उतरतो
आणि खालून एक खिडकी लागते.
ब्रश आडवा, मग उभा.
सैल पडलेलं कापड वाळता वाळता
आपोआप अंग आवळतं.
टिचकी मारली तर बोलतं.
अजून खडू, झिंक, पॉलिश पेपर,
तीन हात, तीन दिवस,
आणि ऑगस्ट असेल तर सहा.

ही चौकट आधी एका निळ्या चित्राची होती.
पाण्याकडे पाठ करून बसलेला माणूस.
एक अख्खा हिवाळा त्याची पाठ रंगवली,
खरवडली, पुन्हा रंगवली,
पाठ काही बसेना.
शेवटी चुका उपसून कापड सोललं,
गुंडाळी करून नवापुऱ्यात नेली,
मापाला असावी म्हणून, जुन्या पट्ट्यांबरोबर.
ठाकोरभाई म्हणाले, "आ कपडुं नांखी देवानुं छे?"
मी मान हलवली.

त्या वर्षी विश्वामित्री पुलाला टेकली.
मगरी कुठल्या सोसायटीत आल्या,
कोणाच्या पार्किंगमध्ये, याच गप्पा.
आठ दिवसांनी दुकानात गेले तर
दिवदाराच्या थप्पीवर माझा माणूस,
रंगाची बाजू वर, चारी टोकांना विटा.
पाठीवर पाणी साचलेलं,
त्यात गुलमोहराची बारीक पानं.
ठाकोरभाईंनी एक टोक उचलून
खालची फळी दाखवली, कोरडी ठणठणीत.
"सरस चित्र छे, बेन.
एक टीपुंय अंदर नथी गयुं."

बावीस वर्षांत ते माझ्या चित्राबद्दल
पहिल्यांदाच काही बोलले होते.
काय म्हणावं सुचेना.
त्या पाण्यात पाठ
जवळजवळ बसली होती.

पट्ट्या घेतल्या. एकेक डोळ्यापाशी धरून
या टोकावरून ते टोक पाहिलं.
तिसरीला पीळ होता.
बदलून मागितली.