एक नग

साखळीच्या बाजारात, पुलाकडे उतरताना,
माझ्या दुकानाच्या फळीवर अजून टिपरचं चित्र आहे.
बाबा सुटे भाग विकायचे. खाणी बंद पडल्या,
खण राहिले: नट, बुशिंग, ऑइल सील.
चिठ्ठ्या मी काढल्या नाहीत.
नटांत आता फासे, बुशिंगांत लाकडी शिपाई,
ऑइल सीलच्या खणात
प्लॅस्टिकच्या पाकिटांत निजलेले ड्रॅगन.

हवा अशी की पत्ता दोन दिवसांत पापडासारखा वळतो.
म्हणून प्रत्येक खणात तांदळाची पुरचुंडी.
आई म्हणते, यांना जेवू घाल,
भाडं कोण भरणार?

शनिवारी दोन्ही टेबलं भरतात, उरलेली पोरं खोक्यांवर.
कुडण्याची श्लेषा आपला एकुलता चमकता पत्ता
पाचदा बदलीला काढते, पाचदा परत घेते.
मला त्यात दमडी सुटत नाही. बघत बसतो.

काल खुशाली आला, बाबांचं जुनं गिऱ्हाईक.
मला न विचारता, सवयीने,
त्याने तिसरा खण ओढला.
हातात आला तो लाल, सात डोक्यांचा.
उजेडात धरला. उलटा केला. "कितल्याक?"
"चाळीस."
"गाडयेक बसतलो?"
पोरं खिदळली. तोही हसला,
पण पत्ता खाली ठेवला नाही.

त्याची गाडी तर केव्हाच भंगारात गेली.
सील कशाला हवं होतं, मी विचारलं नाही.
दहा-दहाची चार नाणी मोजून ठेवली त्याने,
आणि पावती मागितली, पूर्वीसारखी.
बाबांचं पुस्तक काढलं, कार्बन घातला,
लिहिलं:
ऑइल सील, एक नग.